वडखळला जाऊन आलेला हात

आपल्या हिंगणघाटच्या वाचनालयाच्या वार्षिकात आजवर काशी, रामेश्वर आणि नेपाळचे प्रवास छापून आले. मी पाठवतो आहे तो पेण आणि रोह्याचा. तिथे पुण्य मिळवायला कोणी जात नाही. मीही गेलो तो पिशवीत नऊ फ्लॉप्या घेऊन, नोकरी टिकवायला. जानेवारीभर राहिलो आणि धड परत आलो. ग्रंथपाल काकांनी 'लिही बाप्पा' म्हणून दोन पत्रं टाकली, म्हणून हे.

आधी मी तिथे कसा पोहोचलो ते सांगतो, नाहीतर नववीत शाळा सोडलेला भोयरांचा सुधाकर आणि कॉम्प्युटर यांचा मेळ तुम्हाला बसायचा नाही. आपल्या गिरणीत मी अडीच वर्षं बदली कामगार होतो, ते तुम्हाला ठाऊक आहेच. गिरणी थंडावल्यावर ग्रंथपाल काकांनी मला टायपिंगला बसवलं. त्या टायपिंगच्या जोरावर मुंबईत अंधेरीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आकडे भरायला लागलो. तिथल्या शिरोडकर मॅडमच्या लक्षात आलं, की कुठलाही नवा प्रोग्राम माझ्या हातात दिला की तो बंद पडतो. इतरांना हा दोष वाटायचा. मॅडम म्हणाल्या, "हेच काम करा. मोडून दाखवा." अशी मला बढती मिळाली. पण ती एका कामापुरतीच.

ते काम रोह्याजवळ धाटावला होतं. तिथल्या एका केमिकल कारखान्याचा गेट, माल, उत्पादन असा सगळा कारभार कॉम्प्युटरवर आणायचा होता. आधी दुसऱ्या एका कंपनीने दीड वर्ष खपून हे काम केलं होतं. त्यांनी जाडजूड फाईल लिहिली, सगळा प्रोग्राम एकदमच तयार केला, आणि कारखान्यात तो कोणी वापरला नाही. मॅडमची तऱ्हा वेगळी. आमच्या तीन टोळ्या, मिळून तेरा माणसं. प्रत्येक टोळीने आठवड्याला एक छोटा पण चालणारा तुकडा करायचा. शनिवारी तिन्ही तुकडे जोडायचे, सोमवारी ते कारखान्यात नेऊन माणसांच्या हातात द्यायचे, ती काय म्हणतात ते ऐकायचं आणि पुढचा तुकडा त्यावरून ठरवायचा. रोज सकाळी बैठक उभ्या-उभ्याच. मॅडम म्हणायच्या, "बसलं की माणूस भाषण करतो."

तुकडे नेणारा माणूस मी : शनिवारी अंधेरीला जाऊन घ्यायचे, सोमवारी कारखान्यात पोहोचवायचे. जानेवारीअखेर कारखान्याचे मोठे साहेब बघायला येणार होते. तिसरी पाळी, म्हणजे रात्रीची माणसं, आपणहून पडद्यावर नोंद करताना दिसली तर पुढचं सगळं काम आमचं. नाही दिसली तर काम गेलं, आणि कामाबरोबर मीही घरी.

पेण

रोह्यात खोली मिळेना, म्हणून पेणला राहिलो. नरूकाका म्हणून एक मूर्तिकार आहेत, त्यांच्या गणपतीच्या कारखान्यावर माळा आहे. तिथे खाट टाकून मिळाली. आपल्याकडे गणपती भाद्रपदात येतात. पेणमध्ये ते कुठे जातच नाहीत. पहिल्या सकाळी शिडीवरून उतरलो तर समोर ओळीने पन्नास-साठ गणपती, कोणालाच हात नाहीत आणि कोणालाच डोळे नाहीत. मी चपला हातात घेऊन, अंग चोरून, भिंतीभिंतीने बाहेर निघालो. नरूकाका साच्यात शाडू दाबत होते. वर न बघता म्हणाले, "सरळ चाला. अजून त्यांना दिसत नाय."

काकांच्या घरच्या मंदाकाकू डोळ्यांची आखणी करतात. त्यांचा हात म्हणजे घड्याळाच्या काट्यासारखा. बोलणंही तसंच, न थांबणारं. मी फ्लॉप्या पिशवीत कोंबतो हे त्यांनी पाहिलं आणि पोह्याचा रिकामा डबा पुढे केला. "यात ठेव. शाडूची धूळ बसली तर तुझी ती यंत्रं खोकतील." त्या दिवसापासून आमचा आठवड्याचा सगळा प्रोग्राम पोह्याच्या डब्यातून हिंडू लागला. डबा उघडला की वास पोह्याचाच यायचा.

जेवणाचं सांगितलंच पाहिजे. भाकरी तांदळाची, पांढरीधोप, इतकी मऊ की पहिल्या घासाला मी जेवतोय की नाही ते कळेना. आपल्या ज्वारीच्या भाकरीला कसा दातांशी काही संवाद असतो. तिच्याबरोबर वालाचं बिरडं, आणि दुसऱ्या दिवशी सुकट, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. सुकटीचा वास आला तसं मी काकूंना विचारलं, "काही जळलं का?" काकूंनी काकांकडे पाहिलं. काका म्हणाले, "असू दे गो, लांबून आलाय." महिनाअखेर मी तीच सुकट मागून घेत होतो.

रोहा

पेणहून रोह्याची पॅसेंजर तासाभरात पोहोचवते. स्टेशनाबाहेरून सहा आसनी रिक्षा मिळते. तिच्यात आठजण बसल्यावर रिक्षावाला म्हणतो, "अजून एक मागं येऊ दे." नववा बहुतेक मी असायचो, डबा छातीशी धरून.

कारखान्यात गेटजवळच्या खोलीत हमीदभाई भेटले. माल बाहेर काढण्याची सगळी कागदपत्रं यांच्या हाताखालून जातात. राहायला नदीपलीकडच्या अष्टमी गावात. नऊ वर्षं मस्कतला काढून आलेले, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला ते मस्कतचं माप लावतात. मी कॉम्प्युटर सुरू केला तेव्हा त्यांनी जेवणाचा डबा एका जाडजूड फाईलवर ठेवलेला होता. ती त्या आधीच्या कंपनीची फाईल.

"ही वाचलीत का?" मी विचारलं.

"उंची चांगली हाय," हमीदभाई म्हणाले. "डबा खाली ठेवला तर मुंग्या लागतात."

आमचा पहिला तुकडा अगदीच लहानगा होता. गाडीचा नंबर भरायचा, पावती छापायची, संपलं. हमीदभाईंनी चष्मा वर-खाली केला आणि म्हणाले, "अक्षरं बारीक. आणि गाडीचा नंबर आधी नको, ड्रायव्हर आधी कंपनीचं नाव सांगतो." मी वहीत लिहून घेतलं. पुढच्या सोमवारी गेलो तेव्हा अक्षरं मोठी झाली होती आणि कंपनीचं नाव वर आलं होतं. हमीदभाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"मी बोललो सोमवारी, आणि सोमवारी आलं? मस्कतला पण असं नव्हतं हो!"

हमीदभाई आमच्या बाजूचे झाले ते तेव्हापासून. मग त्यांनी मला चिंतामणदादांकडे नेलं. चिंतामण पाटील तिसऱ्या पाळीचे प्रमुख. घर धरमतरच्या खाडीकडे, वडील मिठागरावरचे. हातमोजे काढल्याशिवाय ते बोलत नाहीत, आणि हातमोजे फारसे काढत नाहीत. रात्रभर किती पिंपं भरली ते यांनी पडद्यावर नोंदवायचं, हा आमचा तिसरा तुकडा.

"माझी पिंपं मी मोजतो," दादा म्हणाले. "त्या कॉम्प्युटरच्या खोक्याला कशाला सांगू?"

हमीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, "त्याला दुखतंय वेगळंच. सगळा कारखाना चिडवतो, तिसरी पाळी झोपते म्हणून. त्याला वाटतंय, तुम्ही ते पकडायला आलाय."

मी परत गेलो आणि दादांना म्हटलं, "मी स्वतः रात्रपाळी केलीय. हिंगणघाटच्या गिरणीत. आम्हालाही हेच म्हणायचे." दादांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "व्हय? मग बघू." आणि एक हातमोजा काढला.

इथे मला एक कबूल करायचं आहे. ते नाही लिहिलं तर पुढचं सगळं खोटं होईल. या तिसऱ्या तुकड्याची बैठक मुंबईत झाली तेव्हा फळ्यावर एक ओळ लिहिली होती : दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा. दोन हजार साल दोन वर्षांवर आलंय, तेव्हा तारखा उलटताना जगभरातले कॉम्प्युटर काय गोंधळ घालतील, यावर आमच्या शिकलेल्या मंडळींची त्या दिवशी तासभर चर्चा चालली. मी मागे उभा. मला एवढंच माहीत होतं, की गिरणीत दिवस रात्री बाराला बदलत नाही. रात्रपाळी ज्या तारखेला सुरू झाली, सकाळी सातपर्यंत ती त्याच तारखेची. हे सांगायला माझा हात अर्धा वर गेला. सगळे बी.ई., एम.सी.ए. मी म्हटलं, यांनी विचार केला असेलच. आणि वर गेलेल्या हाताने कान खाजवला.

नववीतही माझं असंच झालं होतं. आधी हात वर करणं सुटलं, मग शाळा.

वडखळ

महिन्याच्या सुरुवातीला नरूकाकांनी नाशिककडची मोठी ऑर्डर हाती घेतली होती. शेवटच्या आठवड्यात बुधवारी बघतो तर पहिल्या वीस मूर्ती रंगवून, सोनेरी करून, काकूंच्या हातून डोळेसुद्धा आखून पूर्ण तयार, आणि बाकीच्यांचा अजून पत्ताच नाही, त्यांचा शाडूही भिजायचा होता. काकांनी वीसच्या वीस मूर्ती पेंढ्यात घालून टेम्पोत चढवल्या.

"नाशिकला एवढ्याच?" मी विचारलं.

"नाशिकला कशाला? वडखळला."

"वडखळला कोणी घेतल्यात?"

"कोणी नाय. जायचं, चहा प्यायचा, यायचं. येतोस?"

मी मागे पेंढ्यात बसलो. पेणहून वडखळ काही लांब नाही, पण रस्त्याला जेवढे खड्डे आहेत तेवढे मोजत गेलं तर लांब वाटतं. दोन्ही अंगांना मिठागरं, उन्हात पांढऱ्या ढिगांच्या रांगा. आपल्याकडे कापसाच्या गाड्या भरल्यावर जिनिंगच्या आवारात कसं दिसतं, तसं. फक्त हा ढीग पावसात विरघळतो, म्हणे. प्रत्येक खड्ड्याला मी एक गणपती मांडीवर धरत होतो. काका पुढून ओरडले, "धरू नको रे! नाशिकपर्यंत काय तू जाणार हाय धरायला?"

वडखळला चहा घेतला, परत आलो, पेंढा काढला. दोन मूर्तींचा आशीर्वादाचा हात मनगटातून निखळला होता. मी ते हात पेंढ्यातून शोधू लागलो. काका मात्र खूश.

"सापडलं! मनगट बारीक हाय साच्यात. मंदा, ऐकतेस गो? मनगट!"

मग त्यांनी सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्यांनी एक मोठी ऑर्डर अशी केली, की आधी सगळ्यांचे साचे, मग सगळ्यांचे जोड, मग सगळ्यांचे रंग. बघणाऱ्याला वाटावं काय झपाट्याने काम चाललंय. शेवटी ट्रक भरला, आणि पोहोचेपर्यंत सगळ्यांचे हात एकाच ठिकाणी मोडले. तो सगळा हंगाम वाया गेला. "तेव्हापासून पहिले वीस डोळ्यांपर्यंत पुरे करायचे आणि वडखळला फिरवून आणायचे. मोडायचं ते वीसांत मोडू दे. सुधारला साचा की बाकीचे धावत होतात."

निखळलेले हात काकांनी शाडूच्या टाकीकडे नेले, भिजवून पुन्हा माती करायला. मला एकाएकी फळ्यावरची ती ओळ दिसायला लागली. पुढे उत्पादनाचे, पगाराचे, मालाचे सगळे तुकडे त्याच 'दिवसा'वर चढणार होते. मनगट बारीक होतं, आणि हे तेरा जणांत फक्त मला माहीत होतं.

"काका," मी म्हटलं, "त्यातला एक हात मला द्याल?"

काकांनी विचारलं नाही कशाला. पुसून दिला.

पुन्हा रोहा

साहेब शनिवारी येणार होते. मॅडमना फोन करून सरळ सांगायचं, तर तोंड उघडेना. नुसतं मी म्हणतो म्हणून कोण मानणार? म्हटलं, आधी वडखळ करू. त्याच दुपारी हमीदभाईंना फोन करून त्यांच्याकरवी दादांना विनंती केली, की आज, बुधवारच्या पाळीची खरी नोंद पडद्यावर करा, साहेबांच्या आधी एकदा. गुरुवारी पहिल्या एसटीने निघालो आणि पाळी सुटताना पोहोचलो.

हमीदभाईंनी कागद छापला. प्रिंटर करकरत थांबला. बुधवार, तिसरी पाळी : चार पिंपं.

दादांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला. "चार? एकतीस भरली आम्ही! चार तर बारा वाजायच्या आत झाली. बाकीची कोणी खाल्ली?"

पहिल्या पाळीची माणसं आत येत होती. त्यातला एक वाकून बघत म्हणाला, "कॉम्प्युटर खोटं नाय बोलत, पाटील. बारानंतर डोळा लागला वाटतं!"

सगळे हसले. दादांनी हातमोजे घातले. दोन्ही. मला म्हणाले, "तू रात्रपाळी केलीस म्हणालास ना?" आणि निघून गेले. मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

स्टेशनसमोरच्या एसटीडी बूथमधून मॅडमना फोन लावला. सत्तावीस पिंपं गुरुवारच्या नावावर चढली, हे सांगितलं. इथे दिवस सकाळी सातला बदलतो, हेही सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "अरे देवा. हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

इथे गप्प बसता आलं असतं. बूथवाला मीटरकडे बघत होता, मी खिशातला शाडूचा हात चाचपला.

"मॅडम, माझ्या आलं होतं. बैठकीतच."

 "मग बोलला का नाहीत, भोयर?"

"सगळे शिकलेले. मी नववी."

"तिथे तेरा माणसं होती. त्यातल्या किती जणांनी रात्रपाळी केली होती?"

"एकाने."

"मग त्या विषयातला तिथे शिकलेला कोण होता?" आवाज चढलेला नव्हता, पण माझे कान तापले. "रागवायचं मी नंतर बघेन. तुकडा लहान आहे म्हणून बरं. एका दिवसात होईल. दादांना सांगा, चूक आमची."

शुक्रवारी दुपारी मॅडम स्वतः पॅसेंजरने रोह्यात उतरल्या, पर्समधून फ्लॉपी काढत. मी पोह्याचा डबा पुढे केला. त्यांनी वास घेतला, म्हणाल्या, "अच्छा, म्हणून आपल्या फ्लॉप्यांना भूक लागते," आणि फ्लॉपी आत ठेवली. दादांच्या पाळीआधी आम्ही दोघांनी त्यांना गेटवर गाठलं. मॅडम सरळ म्हणाल्या, "पाटीलदादा, तुमची पिंपं आम्ही खाल्ली. परत आणलीत."  आत जाताना दादांनी एक हातमोजा काढलेला दिसला.

शनिवारी सकाळी मोठे साहेब आले. हमीदभाईंनी बटण दाबलं, प्रिंटर करकरला. शुक्रवार, तिसरी पाळी : तेहतीस पिंपं. दादा पाळी संपूनही घरी गेले नव्हते. साहेबांना म्हणाले, "थांबा, मी दाखवतो." एका बोटाने, टकटक करत, त्यांनी सगळं उघडून दाखवलं. किती बाराच्या आधी, किती नंतर, आणि सगळी शुक्रवारची.

"कोणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं.

"शिकवायचं काय त्यात? माझी पिंपं हायत." मग पहिल्या पाळीच्या माणसांकडे वळून, "या, वाचा. मोठ्या अक्षरात हाय."

साहेब शाबास वगैरे काही म्हणाले नाहीत. त्यांनी मॅडमना एवढंच विचारलं, "पुढचा तुकडा कधी?" मी खुर्चीचा हात धरून उभा होतो तो सोडला.

संध्याकाळी दादांनी खाडीकडे पोपटी लावली. आपला जसा हुरडा, तशी यांची पोपटी. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वर भांबुर्डीचा पाला, मडकं उपडं आणि भोवती जाळ. शेंगा भाजल्याचा वास मिठागरावरच्या वाऱ्यात मिसळला की माणूस बोलायचा थांबतो. हमीदभाईसुद्धा मस्कत विसरले. मॅडम शाकाहारी, त्यांना दादांनी शेंगा वेगळ्या मडक्यात भाजून सोलून दिल्या. मला कोंबडीचा मोठा तुकडा देत म्हणाले, "खा. रात्रपाळीचा हायस."

परत

आता मी अंधेरीत आहे, कायम. माझ्या कॉम्प्युटरवर पडद्याच्या वरच्या काठाला तो शाडूचा हात चिकटवला आहे, पंजा समोर, बोटं वर. नवीन आलेली मुलं विचारतात, हा कुठला. मी सांगतो, हा वडखळला जाऊन आलाय.

बैठक अजून रोज सकाळी उभ्या-उभ्याच असते. मॅडम 'नंतर बघेन' म्हणाल्या होत्या, पण अजून रागावलेल्या नाहीत. त्यांनी फक्त क्रम बदलला. आधी बी.ई. बोलायचे, आता पहिला मी. फळ्यावर नवा तुकडा लिहून झाला की त्या खडू खाली ठेवतात आणि माझ्याकडे बघतात. मला अजूनही भीती वाटते. पण आता कानाला खाज सुटली तरी मी आधी हात पूर्ण वर करतो.